अबोल मुलीसाठी लहान लिबरल आर्ट्स कॉलेज: निवडताना काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. मार्क चांगले आहेत, बायॉलॉजी आणि इतिहास दोन्ही मनापासून आवडतात, पण वर्गात फारशी बोलत नाही. राज्याच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळेल, पण तीन-तीनशे मुलांच्या लेक्चरमध्ये ती हरवून जाईल अशी आईला धास्ती आहे. शाळेच्या काउन्सिलरने लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे मुख्यतः पदवीचंच आणि विज्ञान-कला दोन्हींचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं, बघायला सांगितली आहेत. घरात त्यातली बहुतेक नावं कोणी ऐकलेली नाहीत आणि फीचे आकडे बघून वडिलांनी विषयच मिटवलाय. तर आपल्या मुलीला मानवेल असं कॉलेज ओळखायचं कसं?

मी बरीच वर्षं इथे कॉलेज काउन्सिलिंग करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी घरं पुष्कळ असतात. हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: मुलगी शांत, म्हणून कॉलेज लहान. हे समीकरण अर्धंच खरं आहे. मोठ्या युनिव्हर्सिटीत शांत मुलाला लपता येतं. लहान कॉलेजात लपायला जागाच नसते. चौदा जणांच्या सेमिनारमध्ये टेबलाभोवती बसायचं, आदल्या रात्री वाचलेल्या साठ पानांवर बोलायचं, आणि त्या बोलण्याला ग्रेडमध्ये वाटा. विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे. त्यात दोन विद्यार्थी आणि एक प्रोफेसर, एवढाच वर्ग. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. काही अबोल मुलं अशा ठिकाणी दोन सेमिस्टरमध्ये अशी खुलतात की आईवडील चकित होतात. आणि काहींना दर मंगळवारी सकाळी पोटात गोळा येतो.

म्हणून मी पालकांना आधी विचारते की तिचं शांत असणं कुठल्या जातीचं आहे. विचार पुरता तयार झाल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, पण एकदा बोलली की नेमकं बोलते, असं आहे का? शिक्षकांशी एकटीने बोलताना ती मोकळी असते का? मग लहान कॉलेज तिच्यासाठी फार चांगलं ठरू शकतं. की तिला मुळात लोकांच्या नजरेत असणंच नको वाटतं? तिला स्वतःच्या चार मैत्रिणी, स्वतःचा कोपरा आणि बाकी जगाने आपल्याला ओळखू नये, हे आवडतं का? तसं असेल तर दोन हजार मुलांच्या कॅम्पसवर तिचा जीव घुसमटेल. तिथे एका वर्षाच्या बॅचमध्ये जेमतेम पाचशे मुलं. पहिल्या सेमिस्टरमध्ये ज्या रूममेटशी बिनसलं ती डायनिंग हॉलमध्ये, लायब्ररीत आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये रोज समोर येते. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स कॉलेजमध्ये, म्हणजे हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या छोट्या विभागात, अशा मुलीला लहान वर्गही मिळतात आणि गर्दीचा आडोसाही. तोही पर्याय यादीत ठेवा.

तेव्हा आकाराचा प्रश्न बाजूला ठेवून असं विचारा: तिथे जी मोजकी माणसं तिच्या वाट्याला येणार आहेत, ती तिला पुरतील का? मोठ्या ठिकाणी एक प्रोफेसर नाही पटला तर दुसरे दहा असतात. लहान ठिकाणी तिच्या विषयात एकूण सहा-सात जण असतात आणि त्यातल्या दोन-तीन जणांवर तिची चार वर्षं, तिची शिफारसपत्रं आणि बऱ्याचदा तिची पुढची दिशा अवलंबून असते. त्यामुळे कॉलेजच्या नावाइतकीच डिपार्टमेंटची चौकशी करावी लागते, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

ती कशी करायची ते सांगते. कॉलेजच्या वेबसाइटवर कोर्स कॅटलॉग असतो. तो बघून हुरळून जाऊ नका. बायॉलॉजीखाली चाळीस कोर्स छापलेले असतील, पण त्यातले कित्येक तीन-तीन वर्षांत एकदाही झालेले नसतात. रजिस्ट्रारच्या पानावर प्रत्येक सेमिस्टरचं प्रत्यक्ष वेळापत्रक मिळतं. मागच्या चार सेमिस्टरची वेळापत्रकं काढा आणि मुलीला तिच्या आवडीच्या दोन विषयांतले खरोखर शिकवले गेलेले कोर्स मोजायला सांगा. कोण शिकवतंय तेही बघा. नावापुढे व्हिजिटिंग लिहिलं असेल तर ती व्यक्ती बहुधा एक-दोन वर्षांसाठी आलेली आहे. दुसऱ्या वर्षी जिच्याकडे आवडीने शिकलो ती चौथ्या वर्षी शिफारसपत्र लिहायला तिथे असेलच असं नाही. डिपार्टमेंटमध्ये सात जण असतील, त्यात दोन व्हिजिटिंग आणि एक सबॅटिकलवर म्हणजे अभ्यासरजेवर, तर उरले चार. जेनेटिक्स शिकवणारी एकच प्रोफेसर असेल आणि ती वर्षभर रजेवर असेल तर त्या वर्षी जेनेटिक्स नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीत असं सहसा होत नाही.

वर्गाच्या आकाराबद्दलही एक सावधगिरी बाळगा. माहितीपत्रकात सरासरी १८ लिहिलेलं असतं. समजा दहा वर्ग आहेत, नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि एका वर्गात नव्वद. सरासरी १८ येते, पण एकूण १८० जागांपैकी निम्म्या त्या नव्वदच्या वर्गात आहेत. पहिल्या वर्षीच्या बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीच्या बाबतीत अनेक ठिकाणी साधारण हेच घडतं. खरी विभागणी कॉमन डेटा सेट नावाच्या दस्तऐवजात मिळते. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी स्वतः प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट असं शोधलंत की सापडतो. त्यातल्या आय विभागात दोन ते नऊ मुलांचे वर्ग किती, दहा ते एकोणीसचे किती, असा तक्ता असतो. सी विभागात प्रवेश देताना कशाला किती महत्त्व दिलं जातं ते असतं आणि एच विभागात फायनान्शियल एडचा, म्हणजे आर्थिक मदतीचा हिशोब. रँकिंगच्या याद्यांपेक्षा हा कंटाळवाणा दस्तऐवज शंभर पटीने उपयोगी आहे. रँकिंगवर मी यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही. पोर्टलंडच्या रीड कॉलेजने तर १९९५ पासून यू. एस. न्यूजच्या रँकिंगला माहिती देणंच थांबवलं.

आता शिकवण्याची रचना. इथे कॉलेजाकॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मुलीच्या स्वभावाशी थेट जोडलेला आहे. कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून ब्लॉक प्लॅन आहे. एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे, मग थोडी सुट्टी, मग पुढचा. एखाद्या विषयात बुडून जाणाऱ्या मुलांना हे स्वर्गासारखं वाटतं. पण ज्यांना विषय डोक्यात हळूहळू मुरवावा लागतो त्यांची दमछाक होते, आणि चार दिवस ताप आला तर कोर्सचा मोठा हिस्सा हातचा जातो. मिनेसोटातल्या कार्लटनला वर्षात दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात, त्यामुळे कोर्स सुरू झाला नाही तोच मिडटर्म येते. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेल इथे सक्तीचे विषय जवळपास नाहीतच, मूल आणि त्याचा ॲडव्हायझर मिळून रस्ता आखतात. याच्या अगदी उलट टोकाला सेंट जॉन्स. ॲनापोलिस आणि सांता फे अशा दोन्ही कॅम्पसवर सगळ्यांना जवळजवळ तोच अभ्यासक्रम, मूळ ग्रंथ वाचून, टेबलाभोवती चर्चा करत. ओहायोतल्या वूस्टरला शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध करावाच लागतो, रीडलाही तसंच. बायॉलॉजी आणि इतिहास दोन्ही धरून ठेवू पाहणाऱ्या तुमच्या मुलीला हा प्रबंध आवडू शकेल. साथींचा इतिहास, औषधांचा इतिहास, असे विषय तिथे सहज उभे राहतात. पण हा माझा अंदाज. तिला वर्षभर एकाच विषयाशी झुंजायला आवडतं का, हे तिलाच विचारा.

भेट द्यायला जाल तेव्हा गाइडेड टूर एकदा घ्या आणि विसरून जा. टूर देणारी मुलं गोड असतात, पण सगळीकडे साधारण तीच वाक्यं ऐकायला मिळतात. खरी माहिती डिपार्टमेंटच्या इमारतीत असते. बायॉलॉजीच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर संशोधनाची पोस्टर लावलेली असतात. त्यांवरची वर्षं वाचा. मागच्या उन्हाळ्याची असतील आणि लेखकांच्या यादीत विद्यार्थ्यांची नावं पहिली असतील, तर तिथे काम चालू आहे. सगळ्यात नवं पोस्टर चार वर्षांपूर्वीचं असेल तर इमारत कितीही चकचकीत असली तरी मी प्रश्न विचारायला लागते. एका विद्यार्थिनीबरोबर असंच फिरताना शनिवारी दुपारी एका लॅबचं दार उघडं दिसलं. आत दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माशांच्या टाक्यांचं पाणी तपासून वहीत लिहीत होती. आम्ही विचारलं तर तिने काम थांबवून वीस मिनिटं सगळं समजावलं: प्रोफेसरला लॅबमध्ये यायचंय असं कधी सांगितलं, पहिले तीन महिने फक्त टाक्याच धुतल्या, उन्हाळ्यात दहा आठवड्यांचा पगार मिळाला. ॲडमिशन ऑफिसच्या तासाभराच्या भाषणातून मिळाली नसती इतकी माहिती तेवढ्यात मिळाली. या कॉलेजांत मास्टर्स-पीएच.डी.चे विद्यार्थी बहुधा नसतात, म्हणून लॅबमधली कामं पदवीच्या मुलांकडे येतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा फायदा. पण उन्हाळ्याचे पगारी प्रोजेक्ट किती, अर्ज किती येतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संधी मिळते का, हे विचाराच.

एका वर्गात बसायची परवानगी आधी मागून घ्या आणि तुम्ही बाहेर थांबा, मुलीला एकटीला जाऊ द्या. तिला एकच गोष्ट बघायला सांगा: प्रोफेसरने प्रश्न विचारल्यावर काय होतं. काही वर्गांत तीन बोलघेवडी मुलं लगेच सुरू होतात आणि प्रोफेसर त्यांच्यावरच तास निभावतात. काही वर्गांत प्रोफेसर म्हणतात, आधी दोन मिनिटं कागदावर लिहा, मग शेजारच्याला सांगा, मग बोलू. दुसऱ्या प्रकारच्या वर्गात शांत मुलीला हळूहळू आवाज सापडतो. असे वर्ग एका कॉलेजात जास्त आणि दुसऱ्यात कमी का असतात, याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. ते बसूनच कळतं.

वर्ग संपला की डायनिंग हॉल. तिथल्या मुलांना विचारायला सांगा की शुक्रवारी रात्री पार्टी न करणारी मुलं काय करतात. लहान कॉलेजात एखाद्या गटाचा वरचष्मा असेल तर तो सगळ्या कॅम्पसवर जाणवतो. काही ठिकाणी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी, म्हणजे मुलांचे आणि मुलींचे निवडक क्लब, जोरात आहेत, काही ठिकाणी अजिबात नाहीत. न्यू इंग्लंडमधल्या अनेक लहान कॉलेजांत कॉलेजच्या टीममधून खेळणाऱ्या मुलांचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे न खेळणाऱ्यांचं सामाजिक आयुष्य वेगळं पडू शकतं. काउन्सिलिंग सेंटरमध्ये पहिली अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते, हेही विचारा. आपल्या घरांत हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा.

गावाचा प्रश्नही लहान नाही. ग्रिनेल आयोवाच्या मक्याच्या शेतांमध्ये आहे, केन्यन ओहायोतल्या गॅम्बियर नावाच्या छोट्या गावात. मॅकॅलेस्टर मात्र सेंट पॉल शहरात, ऑक्सिडेंटल लॉस एंजेलिसमध्ये, बार्नर्ड थेट न्यूयॉर्कमध्ये. लहान कॉलेजाची मर्यादा शेजाऱ्यांनी भरून निघते तेव्हा फार छान जमतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक यांची मुलं एकमेकांकडे आणि तिथल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीतही कोर्स घेऊ शकतात, मधे बस धावतात. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला पोमोना, स्क्रिप्स, पिट्झर, हार्वी मड आणि क्लेअरमाँट मॅकेना अगदी लागून आहेत, चालत जाता येतं. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड यांचं इतकं घट्ट आहे की एका कॉलेजात राहून दुसऱ्यात मेजर, म्हणजे मुख्य विषय, करता येतो. पण प्रत्येक ठिकाणी विचारा की प्रत्यक्षात किती मुलं हे करतात. कागदावर सोय असणं वेगळं आणि सकाळच्या लॅबनंतर बस पकडून दुसऱ्या कॅम्पसवर अकराच्या तासाला पोचणं वेगळं.

मुलींच्या कॉलेजांबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक मुली नाव ऐकताच नकारार्थी मान हलवतात. स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, वेलस्ली यांपैकी एकाला तरी भेट द्या, बळजबरी न करता. वर्गात कमी बोलणाऱ्या मुलींना तिथे बोलायला जास्त अवकाश मिळतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. आणि वर सांगितलेल्या शेजारामुळे त्यातल्या बऱ्याच जणींच्या वर्गांत मुलगेही असतात.

नावं कोणी ओळखत नाही, ही वडिलांची काळजी मी हलक्यात घेत नाही. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रासाठी २०२० चं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोनाच्या. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस चेक ग्रिनेलचे, आणि डाउडना पुढे त्यांच्याच लॅबमध्ये काम करायला गेल्या. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मॅकॅलेस्टरचे. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका, एका माणसाच्या नोबेलने तुमच्या मुलीची सोय होत नाही. कामाची गोष्ट ही की पीएच.डी., मेडिकल आणि लॉ स्कूलच्या प्रवेश समित्यांना ही कॉलेजं नीट ठाऊक आहेत. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर पुढे पीएच.डी. करणारे देणाऱ्या संस्थांत स्वॉर्थमोर, रीड, कार्लटन, ग्रिनेल नेहमी वरच असतात. उलट मुलीला इंजिनिअरिंग करायचं असतं किंवा मोठ्या कंपन्या कॅम्पसवर यायला हव्या असत्या, तर मी स्टेट युनिव्हर्सिटीच्या बाजूने बोलले असते. हार्वी मड, स्वॉर्थमोर, स्मिथ इथे इंजिनिअरिंग आहे, पण ते अपवाद. तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं दुसऱ्या युनिव्हर्सिटीत अशी जी जोड-योजना दाखवतात, तिच्यात शेवटच्या दोन वर्षांची आर्थिक मदत कोण देणार हे लेखी विचारल्याशिवाय भुलू नका.

मेडिकलचा विचार असेल तर एक आकडा फार दाखवला जातो: आमच्या नव्वद टक्के मुलांना मेडिकल स्कूल मिळतं. हे प्रमाण ज्यांनी अर्ज केला त्यांचं असतं, आणि काही कॉलेजांत कोणाला समितीचं शिफारसपत्र द्यायचं ते कॉलेजच ठरवतं. म्हणजे गाळणी आधीच लागलेली. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीला बसलेल्या मुलांपैकी किती जण अर्जापर्यंत पोचले, हे विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळते का, त्यावरूनही बरंच कळतं.

आता पैसा. नावाजलेल्या लहान कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास गेलेला आहे. पण सगळे तेवढे भरत नाहीत. अमेरिकन सरकारची मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे तुमच्या घराला प्रत्यक्ष किती खर्च पडेल त्याचा अंदाज देणारी सोय, ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. टॅक्स रिटर्न समोर घेऊन पाच-सहा कॉलेजांचे कॅल्क्युलेटर याच आठवड्यात भरा, दोघांनी मिळून. आकडे एकमेकांपासून खूप वेगळे येतील, कारण काही कॉलेजं स्वतःच्या घराची किंमत मालमत्तेत मोजतात, काही मोजत नाहीत. स्वतःचा व्यवसाय असेल तर फरक आणखी वाढतो आणि कॅल्क्युलेटरवरचा भरवसा तेवढा कमी होतो.

मदतीचे दोन प्रकार आहेत. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडिन, पोमोना अशी अतिश्रीमंत कॉलेजं फक्त गरज बघून देतात. हुशारीसाठी वेगळी स्कॉलरशिप नाही. डेनिसन, वूस्टर, लॉरेन्स, मॅकॅलेस्टर अशी कॉलेजं मार्कांवरही सवलत देतात. दोन चांगल्या पगारांच्या मराठी घरात बहुधा गरज कागदावर सिद्ध होत नाही आणि वर्षाला ९० हजार भरायचं बळही नसतं. अशा घरांनी दुसऱ्या गटाकडे नीट लक्ष द्यावं. तिथे तुमच्या मुलीसारखी मुलगी कॉलेजला हवी असते म्हणून सवलत मिळते, आणि हवंसं असण्याचा फायदा चार वर्षं मिळत राहतो.

व्हिसाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे आधी बघा. मुलगी एच-४ वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून, असेल तर तिला फाफ्सा या सरकारी अर्जामार्फत मिळणारी मदत मिळत नाही, आणि अनेक खासगी कॉलेजं अशा मुलांना आंतरराष्ट्रीय अर्जदारांत धरतात, मग ती इथेच पहिलीपासून शिकलेली का असेनात. आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या बाबतीत मदतीची गरज बहुतेक कॉलेजांत प्रवेशाच्या निर्णयात मोजली जाते. ॲमहर्स्ट आणि बोडिन यांसारखी मोजकीच ती न बघता निर्णय घेतात. प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांनी आणखी एक विचारावं: मेजरचा सरकारी कोड स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित या गटात, बसतो का. शिक्षणानंतर इथे नोकरी करू देणाऱ्या ओपीटीचे १२ महिने की त्यावर आणखी २४, हे त्यावर ठरतं. इकॉनॉमिक्स हाच विषय एका कॉलेजात स्टेम कोडखाली असतो आणि दुसऱ्यात नसतो.

मदतीचं पत्र आलं की बेरीज स्वतः करा. समजा खर्च ८६,००० डॉलर. पत्रात लिहिलंय एकूण मदत ५६,०००. आत बघितलं तर ४८,००० ग्रँट (परत न करायची मदत), ५,५०० सरकारी कर्ज आणि २,५०० वर्क-स्टडी. कर्ज फेडायचं आहे आणि वर्क-स्टडीचे पैसे तिने तासावर काम करून मिळवायचे आहेत. म्हणजे खरी सूट ४८,००० आणि भार ३८,००० चा. दरवर्षी फी वाढली तर ग्रँट वाढते का, आणि मार्कांवरची सवलत टिकवायला किती जीपीए लागतो, हे दोन प्रश्न त्याच दिवशी विचारा.

एक विषय अप्रिय आहे, पण टाळता येणार नाही. लहान कॉलेजं बंद पडतायत. व्हरमाँटचं ग्रीन माउंटन २०१९ मध्ये बंद झालं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ पासूनचं. त्यांनी २०२४ च्या एप्रिलअखेरीस जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की कॉलेज संपलं. तिथे पुढच्या वर्षासाठी प्रवेश घेतलेल्या मुलांना ऐन मे महिन्यात नवं ठिकाण शोधावं लागलं. व्हर्जिनियाच्या स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये अशीच घोषणा केली होती, माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा करून ते वाचवलं. वर नाव घेतलेल्या श्रीमंत कॉलेजांची ही काळजी नाही. पण जी ओळखीची नाहीत आणि मोठी सवलत देऊ करतायत, त्यांच्याबाबतीत दोन गोष्टी बघा: पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं परत येतात (हे कॉलेज नॅव्हिगेटर या सरकारी साइटवर मिळतं), आणि विद्यार्थिसंख्या पाच-सहा वर्षांत कशी बदलली. परत येणारे ९० टक्क्यांच्या वर असतील तर उत्तम. ८० च्या आसपास असतील तर कारण विचारा. ७० च्या खाली गेले आणि जोडीला संख्या दरवर्षी घटतेय, इतिहास किंवा भाषांची डिपार्टमेंट बंद होतायत, असं दिसलं तर सवलत कितीही असो, मी ते नाव यादीतून काढते. तुमच्या मुलीला इतिहास हवा आहे, आणि काटछाटीत बहुधा तोच आधी जातो.

एवढं सगळं एकदम करायचं नाही. आत्ता, अकरावीच्या वसंतात, कॅल्क्युलेटर भरा आणि वेगवेगळ्या स्वभावाची तीन कॉलेजं बघून या: एक गावातलं, एक शहरातलं, एक शेजार असलेलं. भेटी वर्ग चालू असताना द्या, उन्हाळ्यातलं रिकामं कॅम्पस काही सांगत नाही. परत येताना गाडीत तुमचं मत आधी सांगू नका. अबोल मुलं आईवडिलांचा चेहरा बघून उत्तर जुळवतात. तिला रात्री दोन परिच्छेद लिहून काढायला सांगा आणि तुम्ही दोघं वेगळे लिहा, मग वाचा. उन्हाळ्यात वेळापत्रकं आणि कॉमन डेटा सेट बघून आठ-दहा नावं ठरतील. त्यात किमान दोन अशी हवीत जिथे प्रवेशही जवळपास नक्की आहे, खर्चही झेपतो आणि ती आनंदाने जाईल.

आणि अर्ली डिसिजनची, म्हणजे प्रवेश मिळाला तर येणारच असं सांगून एकाच कॉलेजला आधी अर्ज करण्याची, घाई करू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याची मुदत येते, सगळे घाबरवतात की त्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. प्रवेशाची शक्यता त्याने अनेक ठिकाणी वाढते हे खरं. पण तो करार आहे. त्यावर मुलगी, पालक आणि शाळेचा काउन्सिलर तिघांची सही लागते, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत खरोखर अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं, पण दुसऱ्या कॉलेजांची पत्रं समोर ठेवून तुलना करायची संधी गेलेली असते. कॅल्क्युलेटरचा आकडा तुम्ही दोघांनी बघून झेपेल असं म्हटलं असेल, त्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसने तुमचे कागद बघून आधी अंदाज दिला असेल, आणि मुलीने दुसऱ्यांदा जाऊन, एक रात्र डॉर्ममध्ये राहून, तरीही हेच हवं म्हटलं असेल, तरच सही करा. यातलं एक जरी राहिलं असेल तर जानेवारीपर्यंत थांबून रेग्युलर अर्ज भरा. एक मेपर्यंत सगळी पत्रं टेबलावर ठेवून ठरवता येतं.